तोकडी स्प्रिंग आणि मूळचा डॅम्पर

मोटारीची उंची कमी करण्याचा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत प्रचलित मार्ग म्हणजे तिच्या चारही चाकांवरील मूळच्या स्प्रिंगा काढून त्यांच्या जागी लांबीने तोकड्या आणि किंचित कडक स्प्रिंगा बसवणे, आणि डॅम्पर, म्हणजे गॅरेजच्या बोलीत ज्याला शॉकअप म्हणतात तो भाग, कारखान्यातून आला तसाच ठेवणे. अशा बदलाने गाडी साधारणतः २५ ते ४० मिलिमीटर खाली बसते, चाक आणि मडगार्ड यांमधील पोकळी भरते, वळणावर गाडी कमी कलते आणि खर्च संपूर्ण सस्पेन्शन बदलण्याच्या मानाने बराच कमी येतो. मात्र स्प्रिंग आणि डॅम्पर हे दोन स्वतंत्र भाग दिसत असले, तरी अभियंत्याने ते एकमेकांसाठी जुळवलेले असतात, आणि त्यांपैकी एकच बदलला की दुसऱ्याच्या मर्यादेतच पहिल्याला काम करावे लागते. ही मर्यादा नेमकी कोठे येते हे डिझेल हॅचबॅकच्या उदाहरणातून विशेष स्पष्ट दिसते, कारण अशा गाडीत जड इंजिनाचा सारा भार पुढच्या दोन चाकांवर असतो. पुण्याजवळच्या चाकण येथील कारखान्यात २००९ च्या अखेरीस जिचे उत्पादन सुरू झाले आणि जिची डिझेल आवृत्ती २०२० मध्ये बीएस-६ निकष लागू होताना बंद झाली, ती फोक्सवॅगन पोलो या वर्गाची परिचित प्रतिनिधी आहे, आणि पुढील विवेचनात तिच्यासारखीच गाडी डोळ्यांसमोर ठेवली आहे.

स्प्रिंग काय करते

स्प्रिंगवर जितका भार, तितकी ती दबते, हा नियम इंग्लंडमधील रॉबर्ट हूक याने १६७८ मध्ये प्रसिद्ध केला आणि मोटारीची स्प्रिंग आजही त्याच नियमाने चालते. एक मिलिमीटर दबण्यासाठी किती बल लागते, त्या मापाला स्प्रिंगचा कडकपणा म्हणतात. वेटोळ्याच्या स्प्रिंगमध्ये हा कडकपणा चार गोष्टींवर ठरतो: पोलादाचा गुणधर्म, तारेची जाडी, वेटोळ्याचा व्यास आणि काम करणाऱ्या वेढ्यांची संख्या. यांपैकी तारेच्या जाडीचा परिणाम चौथ्या घाताने होतो, म्हणून १२ मिलिमीटर जाडीच्या तारेऐवजी १२.८ मिलिमीटर जाडीची तार घेतली, की बाकी काही न बदलता स्प्रिंग सुमारे २९ टक्क्यांनी कडक होते. याउलट वेढ्यांचा परिणाम व्यस्त असतो. काम करणाऱ्या सहा वेढ्यांपैकी एक कापून टाकला तर उरलेली स्प्रिंग २० टक्क्यांनी कडक होते, आणि काही गॅरेजांत स्प्रिंग कापून गाडी खाली बसवण्याची जी पद्धत दिसते ती याच गुणधर्मावर चालते. परंतु कापलेल्या टोकाला मूळची बैठक उरत नाही, आणि कापण्यासाठी वा दाबण्यासाठी गॅसची ज्योत वापरली असेल तर पोलादाला दिलेले पाणी त्या जागी उतरते. म्हणून ती पद्धत कोणत्याही परिस्थितीत त्याज्य मानली पाहिजे.

आता एक सोपा हिशेब मांडता येतो, आणि त्यातील आकडे समजुतीसाठी गोल केलेले असले तरी ते वास्तवापासून दूर नाहीत. पुढच्या एका चाकाच्या स्प्रिंगवर ३०० किलो वस्तुमान आहे आणि मूळच्या स्प्रिंगचा कडकपणा मिलिमीटरला २० न्यूटन आहे असे धरले, तर गाडी उभी असताना ती स्प्रिंग सुमारे १४७ मिलिमीटर दबलेली असते. तिच्या जागी ३० टक्के कडक, म्हणजे मिलिमीटरला २६ न्यूटन कडकपणाची स्प्रिंग आली, तर तोच भार तिला केवळ ११३ मिलिमीटर दाबतो. याचा अर्थ असा की लांबी तीच ठेवून नुसती कडक स्प्रिंग बसवली तर गाडी खाली न जाता उलट ३४ मिलिमीटर वर उचलली जाईल; गाडी ३० मिलिमीटर खाली हवी असेल तर नव्या स्प्रिंगची मोकळी लांबी मूळपेक्षा तब्बल ६४ मिलिमीटर कमी ठेवावी लागेल. मूळच्या डॅम्परसमोर जी पहिली अडचण उभी राहते ती याच तोकडेपणामुळे.

चाक खड्ड्यात उतरते किंवा गाडी जॅकवर उचलली जाते, तेव्हा डॅम्पर पूर्ण ताणला जातो, आणि त्या स्थितीतही स्प्रिंग तिच्या वरच्या व खालच्या बैठकीत घट्ट धरलेली राहिली पाहिजे. उभ्या गाडीचे चाक मूळ उंचीवरून आणखी ८० मिलिमीटर खाली उतरू शकते असे धरले, तर मूळची स्प्रिंग त्या टोकालाही ६७ मिलिमीटर दबलेली राहते. गाडी ३० मिलिमीटर खाली बसवल्यावर मात्र तोच डॅम्पर आता ११० मिलिमीटर ताणला जाऊ शकतो आणि नवी स्प्रिंग मुळात ११३ मिलिमीटरच दबलेली असते, म्हणजे टोकाला केवळ तीन मिलिमीटरचा दाब शिल्लक उरतो. उंची ३५ मिलिमीटरने कमी केली तर हा दाबही संपतो आणि स्प्रिंग बैठकीत सैल होऊन खडखडू लागते. ती आपल्या जागेवरून सरकली, तर चाक परत वर येताना तिरकी बसून मोडण्याचा किंवा टायरला लागण्याचा धोका असतो. म्हणूनच मूळच्या डॅम्परसाठी तयार होणाऱ्या स्प्रिंगांचे निर्माते बहुधा ३० ते ३५ मिलिमीटरांच्या आसपास थांबतात, आणि त्यांतील अनेक जण स्प्रिंगच्या एका टोकाचे काही वेढे मऊ व जवळजवळ ठेवतात, जे गाडीच्या भाराखाली मिटून जातात आणि चाक लोंबकळताना उघडून स्प्रिंगला बैठकीत धरून ठेवतात. अशा स्प्रिंगला चढत्या कडकपणाची स्प्रिंग म्हणतात.

डॅम्पर काय करतो

स्प्रिंग ऊर्जा साठवते, पण ती नाहीशी करत नाही. उंचवट्यावरून गेल्यावर केवळ स्प्रिंगच असती तर गाडी कितीतरी वेळ वरखाली झुलत राहिली असती. ही झुलण्याची ऊर्जा उष्णतेत बदलण्याचे काम डॅम्पर करतो. सामान्य हॅचबॅकमधील डॅम्पर दुहेरी नळीचा असतो: आतल्या नळीत तेल आणि त्यात वरखाली सरकणारा पिस्टन, तर बाहेरच्या नळीत जादा तेल आणि कमी दाबाचा वायू. पिस्टनमधील आणि तळाशी असलेल्या बारीक झडपांतून तेल ढकलले जाते, तेव्हा होणारा विरोध चाकाच्या हालचालीला आवर घालतो. बाहेर येणाऱ्या दांड्याला, म्हणजे स्प्रिंग उसळून मोकळी होत असताना, हा विरोध साधारणतः अधिक ठेवलेला असतो, कारण साठवलेली ऊर्जा परत करणाऱ्या स्प्रिंगला रोखणे हेच डॅम्परचे प्रमुख काम आहे.

स्प्रिंग कडक झाली की गाडीच्या झुलण्याचा वेग वाढतो. आधीच्या हिशेबातील चाकाची नैसर्गिक वारंवारिता, म्हणजे एका सेकंदात होणाऱ्या आंदोलनांची संख्या, मूळ स्प्रिंगवर सुमारे १.३ असते आणि कडक स्प्रिंगवर ती सुमारे १.५ होते. हा फरक बसणाऱ्याला ताठपणाच्या रूपाने जाणवतो. डॅम्परच्या दृष्टीने मात्र महत्त्वाचे माप वेगळे आहे, आणि त्याला अवमंदन गुणोत्तर म्हणतात: आंदोलन एकाही हेलकाव्याशिवाय विरून जाण्यासाठी जितका विरोध लागेल, त्याच्या किती भाग विरोध प्रत्यक्ष डॅम्पर देतो, हे ते गुणोत्तर सांगते. प्रवासी मोटारीत ते सर्वसाधारणपणे ०.२ ते ०.४ च्या दरम्यान ठेवले जाते. कडकपणा ३० टक्क्यांनी वाढवला आणि डॅम्पर तोच ठेवला, तर हे गुणोत्तर कडकपणाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात घटते, मूळ ०.३० असेल तर ते सुमारे ०.२६ वर येते. नव्या, निरोगी डॅम्परला ही घट पेलते, आणि त्यामुळेच बदल केल्यावर पहिल्या काही महिन्यांत गाडी उत्तम चालल्याचा अनुभव अनेकांना येतो. परंतु ज्या डॅम्परची झडप आणि तेल आधीच साठ-सत्तर हजार किलोमीटरांच्या वापराने थकलेले आहे, त्याचे गुणोत्तर मुळातच घसरलेले असते. त्यात ही आणखी घट मिळाली की महामार्गावरील पुलांच्या सांध्यांवर गाडी एका झोक्यात न स्थिरावता दोन-तीन झोके घेते, आणि ब्रेक लावताना चाकाचा रस्त्यावरील दाब सतत कमीजास्त होत राहतो. थकलेल्या डॅम्परवर नव्या स्प्रिंगा बसवू नयेत, हा नियम म्हणूनच अपवाद न करता पाळण्यासारखा आहे.

हरवलेला प्रवास

अवमंदनातील घट सोसता येते. चाकाच्या वरच्या दिशेच्या प्रवासातील घट ही मात्र या बदलाची खरी किंमत आहे, आणि तिचा विचार सर्वांत कमी केला जातो. उभ्या गाडीचे चाक मूळ स्थितीत ८० मिलिमीटर वर जाऊ शकते असे धरले, तर गाडी ३० मिलिमीटर खाली बसवल्यावर ५० मिलिमीटरच शिल्लक राहतात. धक्का पचवण्याची स्प्रिंगची क्षमता कडकपणाच्या सरळ प्रमाणात, पण दबण्याच्या अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात असते. त्यामुळे कडकपणा ३० टक्क्यांनी वाढवूनही स्प्रिंगला पचवता येणारा धक्का मूळच्या जवळजवळ निम्म्यावर येतो. ही तूट केवळ स्प्रिंगने भरून काढायची असेल तर ती अडीच पटींहून अधिक कडक करावी लागेल, आणि तशी गाडी रस्त्यावर वापरण्याजोगी राहणार नाही.

उरलेला निम्मा धक्का बंप स्टॉपच्या वाट्याला येतो. डॅम्परच्या दांड्यावर ओवलेला हा ठोकळा सूक्ष्म छिद्रांच्या पॉलियुरेथेनचा असतो आणि दबता दबता तो वेगाने कडक होत जातो. आधुनिक हॅचबॅकमध्ये तो केवळ शेवटचा अडथळा नसून सस्पेन्शनचाच एक भाग म्हणून आखलेला असतो, आणि मोठ्या धक्क्यांत त्याने अधूनमधून काम करावे अशी अपेक्षा असते. उंची कमी केल्यावर मात्र तो दर खड्ड्यात, आणि मागच्या बाकावर तीन माणसे व डिकीत सामान असेल तर जवळजवळ सतत, दबू लागतो. वळण घेत असताना बाहेरच्या चाकाचा बंप स्टॉप दबला, की त्या चाकाचा कडकपणा क्षणात कित्येक पटींनी वाढतो, भार एकाएकी त्या टायरवर येतो आणि पकड अनपेक्षितपणे सुटू शकते. यासाठी काही स्प्रिंगांच्या सूचनापत्रात बंप स्टॉप ठरावीक मापाने कापण्यास किंवा सोबत दिलेला आखूड ठोकळा बसवण्यास सांगितलेले असते. सूचना नसताना आपल्या मनाने तो कापणे, आणि त्याहून वाईट म्हणजे काढूनच टाकणे, हे डॅम्परच्या मुळावर येते. कारण मग पिस्टन थेट तळाच्या झडपेवर आदळतो आणि धक्का वरच्या माउंटिंगमार्गे गाडीच्या पत्र्यापर्यंत पोहोचतो.

डिझेलचा भार आणि चाकांची भूमिती

डिझेल इंजिनात दाब जास्त असल्याने त्याची बांधणी भक्कम असते, आणि टर्बो, इंटरकूलर, जड फ्लायव्हील व त्या बलाला साजेसा गिअरबॉक्स यांची भर पडून गाडीचे नाक पेट्रोल आवृत्तीपेक्षा स्पष्टपणे जड होते. कारखाना म्हणूनच एकाच मॉडेलच्या पेट्रोल आणि डिझेल आवृत्त्यांना पुढे वेगवेगळ्या स्प्रिंगा देतो. जबाबदार निर्माते तोकड्या स्प्रिंगाही पुढच्या आसावरील कमाल भाराच्या मर्यादेनुसार वेगळ्या क्रमांकांनी विकतात, पण खरेदी करणारा पुष्कळदा केवळ मॉडेलचे नाव पाहतो. पुढच्या प्रत्येक चाकावर पेट्रोल आवृत्तीपेक्षा ३० किलो जास्त असतील, तर पेट्रोलसाठी आखलेली २६ न्यूटनची स्प्रिंग डिझेल गाडीला ठरल्यापेक्षा आणखी ११ मिलिमीटर खाली बसवते. शिल्लक उरलेल्या ५० मिलिमीटरांपैकी हे ११ गेले, की बंप स्टॉपपर्यंतचे अंतर नाममात्र राहते. डिझेल गाडीसाठी स्प्रिंग निवडताना क्रमांक आणि आसाचा भार जुळवणे ही औपचारिकता नव्हे, संपूर्ण कामाचा पाया तोच आहे.

अशा गाडीच्या पुढे मॅकफर्सन स्ट्रट असतो. अमेरिकी अभियंता अर्ल मॅकफर्सन याच्या नावाने ओळखली जाणारी ही रचना १९५० च्या दशकाच्या आरंभी ब्रिटनमधील फोर्ड गाड्यांतून प्रचारात आली, आणि तिच्यात डॅम्पर हाच चाकाला उभे धरणारा खांब असतो, तर खालून एकच लोअर आर्म चाकाला आधार देतो. मूळ उंचीवर हा आर्म जवळजवळ आडवा असतो. गाडी खाली बसली की त्याचे चाकाकडील टोक वर उचलले जाते. तसे झाले की गाडी ज्या काल्पनिक बिंदूभोवती कलते तो बिंदू गुरुत्वमध्यापेक्षाही जास्त खाली सरकतो, आणि गाडीला कलवणारी तरफ लांबते. गुरुत्वमध्य खाली आणून मिळालेला फायदा अशा रीतीने अंशतः परत जातो, आणि वळणावर गाडी कमी कलल्याचे जे समाधान मिळते ते मुख्यतः स्प्रिंगच्या वाढलेल्या कडकपणामुळे असते. शिवाय आर्म आणि स्टिअरिंगचा टाय रॉड यांचे कोन बदलल्याने पुढच्या चाकांचा टो, म्हणजे वरून पाहिल्यावर त्यांचे आत किंवा बाहेर वळलेले असणे, बिघडतो, आणि तो दुरुस्त केला नाही तर टायरची एक कड काही हजार किलोमीटरांतच झिजून जाते. मागे पोलोसारख्या गाड्यांत दोन्ही चाकांना जोडणारा पिळणारा बीम असतो. तिथे स्प्रिंग आणि डॅम्पर वेगवेगळे बसवलेले असतात, त्यामुळे कोन फारसे बदलत नाहीत आणि ते बदलले तरी सहज जुळवताही येत नाहीत.

बसवण्याचे काम

मागच्या स्प्रिंगा बदलणे सोपे असते: गाडी भक्कम स्टँडवर घेऊन डॅम्परचे खालचे बोल्ट काढले की बीम खाली येतो आणि स्प्रिंग हाताने निघते. पुढचे काम मात्र प्रशिक्षित हातांचेच आहे, कारण स्ट्रटमधील स्प्रिंग दबलेल्या स्थितीत बंदिस्त असते आणि ती कॉम्प्रेसरने आणखी दाबून धरल्याशिवाय वरचा नट सोडता येत नाही. मिलिमीटरला २५ न्यूटन कडकपणाची स्प्रिंग १५० मिलिमीटर दाबली, की तिच्यात सुमारे २८० ज्यूल ऊर्जा साठते. दहा किलोचे वजन जवळजवळ तीन मीटर उंचीवरून पडताना जितक्या जोराने आदळेल, तितका तिचा मार असतो. कॉम्प्रेसरचा आकडा निसटून झालेल्या दुखापती गंभीर असतात, त्यामुळे हे काम भिंतीत वा टेबलावर पक्क्या बसवलेल्या यंत्रावरच करून घेणे योग्य.

स्ट्रट उघडलेला असतानाच त्याचे वरचे माउंटिंग, बेअरिंग, रबरी धूळ-आवरण आणि बंप स्टॉप तपासून झिजलेले भाग बदलावेत, कारण नंतर त्यांच्यासाठी हीच मजुरी पुन्हा द्यावी लागते. स्प्रिंगचे टोक बैठकीतील खाचेला टेकले पाहिजे, स्वयंबंद नट नवे वापरले पाहिजेत आणि बोल्ट कारखान्याने दिलेल्या मापानेच आवळले पाहिजेत. सर्वांत जास्त दुर्लक्षित होणारी पायरी रबरी बुशांची आहे. लोअर आर्म आणि बीम यांचे बुश पीळ सहन करून काम करतात. त्यांचे बोल्ट सैल केले असतील आणि चाके लोंबकळत असताना ते आवळले, तर गाडी खाली उतरताच रबर कायमचे पिळलेले राहते, गाडीची उंची चुकते आणि बुश अकाली फाटतो. म्हणून हे बोल्ट गाडीचा भार चाकांवर आल्यानंतरच शेवटचे आवळायचे असतात. पुढे व्हील अलाइनमेंट आणि हेडलाइटचा झोत जुळवणे क्रमप्राप्त आहे. ज्या जुन्या गाड्यांत मागच्या ब्रेकचा दाब आसाच्या उंचीवरून ठरवणारी झडप असते, तिथे ती झडपही जुळवावी लागते. अन्यथा गाडी भरलेली असल्याचे समजून ती मागे जास्त दाब सोडते आणि मागची चाके आधी जाम होतात. काही शे किलोमीटर धावल्यावर स्प्रिंगा थोड्या बसतात, तेव्हा अलाइनमेंट पुन्हा एकदा तपासून घ्यावी.

रस्ता आणि कायदा

या बदलाची परंपरा प्रामुख्याने जर्मनीत रुजली, आणि तिथे ती कडक तपासणीच्या चौकटीत वाढली. तिथल्या स्प्रिंगांसोबत मॉडेल आणि आसाच्या भाराची मर्यादा नमूद करणारे प्रमाणपत्र येते, ट्यूफसारख्या संस्थेचा तपासनीस बसवलेले काम पाहतो आणि वाहनाच्या कागदपत्रांत त्याची नोंद होते. ही प्रक्रिया टाळली तर वाहनाची रस्त्यावर चालण्याची परवानगीच धोक्यात येते. भारतात तशी व्यवस्था सामान्य वाहनमालकाला उपलब्ध नाही. मोटार वाहन अधिनियम १९८८ चे कलम ५२ निर्मात्याने ठरवलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदलांना मज्जाव करते, सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये या कलमाचा कठोर अर्थ उचलून धरला, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने परवानगीबाह्य बदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद केली. अपघातानंतर विमा कंपनी अशा बदलाकडे बोट दाखवू शकते, हेही लक्षात ठेवले पाहिजे.

रस्त्यांचा प्रश्न याहून रोजचा आहे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकाप्रमाणे गतिरोधक १०० मिलिमीटर उंच, ३.७ मीटर रुंद आणि १७ मीटर त्रिज्येच्या गोलाईचा असावा लागतो. अडीच मीटर अंतरावरील चाके त्यावर असताना मध्यभागी तो चाकांच्या पातळीपेक्षा सुमारे ४५ मिलिमीटरच वर असतो, त्यामुळे जमिनीपासून १६५ ऐवजी १३५ मिलिमीटर उंच राहिलेली गाडी तो बिनघोर ओलांडते. परंतु गावांच्या वेशीवर आणि गृहनिर्माण संस्थांच्या दाराशी दिसणारे अरुंद, उभे गतिरोधक हे मानक पाळत नाहीत. १५० मिलिमीटर उंचीच्या अशा अरुंद उंचवट्यासाठी गाडीच्या पोटाखाली तितकीच मोकळी जागा लागते, आणि ती नसली की पहिला घाव इंजिनाच्या ऑइल चेंबरला बसतो. पावसाळ्यात पाण्याखाली दडलेले खड्डे हरवलेल्या प्रवासाची वसुली थेट डॅम्पर, रिम आणि बुश यांच्याकडून करतात.

या सर्वांचा निष्कर्ष स्पष्ट आहे. डॅम्पर मूळचाच ठेवायचा असेल, तर तो नवा किंवा निर्विवादपणे निरोगी असावा, उंचीतील घट ३० मिलिमीटरांच्या आत राहावी, स्प्रिंग डिझेल आवृत्तीच्या आसाच्या भारासाठीच बनलेली असावी आणि बसवण्याच्या प्रत्येक पायरीत निर्मात्याची सूचना पाळली जावी. इतक्या अटी पूर्ण झाल्या तरच तोकडी स्प्रिंग तांत्रिकदृष्ट्या सुरक्षित ठरते, आणि याहून खाली जायचे असेल तर आखूड दांड्याचा, त्याच स्प्रिंगसाठी जुळवलेला डॅम्पर घेण्याला पर्याय नाही. महाराष्ट्रातील रस्त्यांवर रोज कुटुंबासह वापरल्या जाणाऱ्या डिझेल हॅचबॅकसाठी, आजचा कायदा आणि आजचे गतिरोधक विचारात घेता, हा बदल करू नये. तेवढाच पैसा चार नवे मूळ दर्जाचे डॅम्पर, नवे बुश, चांगले टायर आणि अचूक अलाइनमेंट यांवर खर्च करावा. गाडीची रस्त्यावरील पकड त्याने खात्रीने सुधारते, आणि तिच्या नोंदणीतील एकही तपशील बदलत नाही.